अश्वहृदय आणि अक्षहृदय : रेसकोर्सवरच्या समाजाविषयी

मराठी भाषेत घोडी पुष्कळ आहेत. आपले घोडे अडते, पेंड खाते आणि कधी एकदाचे गंगेत न्हाते. ते वरातीमागून निघते आणि घोडामैदान तर नेहमी जवळच असते. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचा आपला इतिहासही घोड्याच्या पाठीवरूनच लिहिला गेला आहे. मात्र गेली दोनशे वर्षे मुंबई-पुण्यात नियमाने धावणारे शर्यतीचे घोडे मराठी वाङ्मयाच्या आवारात फारसे शिरलेले नाही. शिरलेच तर ते एखाद्या कारकुनाच्या किंवा गिरणी कामगाराच्या संसाराची नासाडी करण्यापुरते शिरते. 'त्याला रेसचा नाद होता' एवढे एक वाक्य लेखकाने लिहिले की पात्राची पुढची अधोगती वाचकाने गृहीत धरायची, असा जणू अलिखित करारच आहे.

'नाद' हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. संगीताचा नाद लागला तर तो छंद, नाटकाचा लागला तर वेड, आणि घोड्यांचा लागला तर व्यसन! या श्रेणी कोणी ठरवल्या हे सांगायला नको. ज्या पांढरपेशा वर्गाने आधुनिक मराठी गद्य घडवले, त्या वर्गाला रेसकोर्स बाहेरूनच माहीत होते. आम्ही मराठीचे अध्यापक असलो तरी पुण्याच्या पावसाळी हंगामात आमची पावले अधूनमधून एम्प्रेस गार्डनजवळच्या मैदानाकडे वळतात. तेथे जे दिसते त्याचा आणि आपल्या साहित्यात जे आले आहे त्याचा मेळ बसत नाही. हे टिपण त्या विसंगतीतून लिहिले आहे.

आधी थोडा इतिहास. मुंबईत 'बॉम्बे टर्फ क्लब' स्थापन झाला १८०२ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या सोळा वर्षे आधी. शर्यती तेव्हा भायखळ्याला होत. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले तेव्हाही मैदान भायखळ्यालाच होते. महालक्ष्मीचे मैदान आले १८८३ मध्ये. पुण्याचे लष्कर भागातले मैदान १८३० चे, म्हणजे महालक्ष्मीहून अर्धशतकाने जुने. पुणेकरांच्या 'आमच्याकडे आधीच होते' या सुप्रसिद्ध वृत्तीला येथे तरी आधार आहे! क्लबच्या नावामागे 'रॉयल' हे उपपद लागले १९३५ मध्ये, पंचम जॉर्ज बादशहाच्या अनुमतीने, आणि 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' हे नाव स्वातंत्र्यानंतरही तसेच राहिले.

हा खेळ इंग्रजांनी आणला आणि आपण तो उचलला, एवढे म्हणून भागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत घोडा येत होता तो इराणच्या आखातातून. अरब सौदागर गलबतांतून घोडे आणीत आणि मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ होती. पहिले आगाखान १८४० च्या दशकात मुंबईत आले ते घोड्यांची हौस बरोबर घेऊनच. त्यांचे नातू तिसरे आगाखान मुंबईत वाढले आणि पुढे इंग्लंडातली एप्समची डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली (१९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२). १९३४ ची डर्बी राजपिपळ्याच्या महाराजांच्या 'विंडसर लॅड'ने मारली. म्हणजे साम्राज्याच्या ऐन मध्यावर, साम्राज्याच्याच खेळात, वसाहतीतली माणसे साहेबाला मागे टाकत होती. क्रिकेटमधल्या अशा प्रसंगांवर आपल्याकडे पुस्तके आहेत, पण घोड्यांच्या बाबतीत मात्र आपण 'संस्थानिकांचे चोचले' म्हणून पान उलटतो.

चोचले ते होतेच, यात संशय नाही. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांचे उदाहरण घेऊ. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी मोजून विकत घेतले आणि त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले : 'सयाजीराव'. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा आणि मराठी ग्रंथव्यवहाराचा मोठा आश्रयदाता असलेला राजा, आणि त्याच्या नावाचे शिंगरू! या शिंगराचा सख्खा भाऊ होता 'दान्ते', १९४५ च्या इंग्लिश डर्बीचा विजेता. दान्ते आणि सयाजीराव एका आईबापाचे, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या तासाला सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतर महिन्याच्या आत, सप्टेंबर १९४७ मध्ये, डाँकास्टरच्या मैदानावर एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीला पाठीवर घेऊन 'सयाजीराव'ने सेंट लेजर ही शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज मारली. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, खजिन्यातून उचललेल्या रकमांचा प्रश्न निघाला, आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. एका राजवटीचा शेवट घोड्यांच्या नावांतून असा वाचता येतो. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे असते, हे आम्हाला समजत नाही.

याच प्रतापसिंहरावांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने १९४३ साली महालक्ष्मीला झालेली पहिली इंडियन डर्बी जिंकली होती, आणि जॉकीही ब्रिटच होता. पुढच्या पिढ्यांत मात्र चित्र पालटले. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे रेसच्या शौकिनाला जशी पाठ असतात तशी कुस्तीच्या शौकिनाला मल्लांची असतात. खोगिरावर बसणारा माणूस साहेबाच्या जागी आपला झाला, आणि हा बदल स्टँडमधल्या माणसाने डोळ्यांदेखत पाहिला. आपल्याकडे कुस्तीगिराचे चरित्र लिहिले जाते. ज्या माणसाला आयुष्यभर भूक मारून वजन पन्नास-पंचावन्न किलोंच्या आसपास ठेवावे लागते आणि तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या घोड्यावर उभ्याने तोल सांभाळावा लागतो, त्याच्या देहाविषयी आणि भीतीविषयी मराठीत लिहिले गेलेले आमच्या वाचनात नाही.

आता या टिपणाच्या मूळ विषयाकडे, म्हणजे मैदानावरच्या माणसांकडे वळू. रेसचा शौकीन हा प्रथमतः वाचक असतो, असे आमचे मत आहे. स्टेशनातून उतरल्यापासून त्याच्या हातात 'कोल' असते, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची छापील पुस्तिका. तिच्यात प्रत्येक घोड्याच्या मागच्या धावा, अंतर, वेळ, वजन, जॉकी, ट्रेनर आणि आईबाप इतक्या दाटीने छापलेले असतात की नवख्याला ती पोथीच वाटावी. शौकीन ती पोथीसारखीच वाचतो. समासात खुणा, अधोरेखने, मागच्या शनिवारचे संदर्भ! पंचवीस वर्षे शिकवूनही वर्गातल्या मुलांकडून एवढे सूक्ष्म वाचन आम्हाला करवून घेता आलेले नाही.

या वाचनाचा गाभा म्हणजे हँडिकॅप. ज्या घोड्याने आधी चांगली कामगिरी केली त्याच्या पाठीवर अधिक वजन द्यायचे, कमजोराला कमी, जेणेकरून तत्त्वतः सारे घोडे एकाच क्षणी खांबाशी पोहोचावेत. जॉकीचे वजन कमी पडले तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. कर्तबगारीला ओझ्याची शिक्षा देणारा हा अजब न्याय आहे. पण विचार केला तर शर्यत रंगते ती याच न्यायामुळे. शौकिनाचे सारे कौशल्य हँडिकॅपरच्या हिशेबात कोठे चूक राहिली आहे ते हुडकण्यात असते. तो संहितेतले पाठभेद शोधणाऱ्या संपादकाचा सख्खा भाऊ आहे.

दुसरी गोष्ट वंशावळीची. जगातले यच्चयावत थरोब्रेड घोडे पितृवंशाने तीन मूळपुरुषांपर्यंत जातात : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. शहाण्णव कुळींचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. फरक आहे तो पुढे. आपल्या वंशावळींत आई बहुधा गळालेली असते. घराण्याच्या झाडावर मुलगे फांद्या होतात आणि सुना निनावी राहतात. रेसच्या पुस्तिकेत मात्र आईचे नाव कधीही गळत नाही, शिवाय आईचा बाप कोण हेही छापलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने तर घोड्यांची घराणी घोड्यांवरून नव्हे, घोड्यांच्या आयांवरून मोजली आणि त्यांना क्रमांक दिले. ज्या मैदानाला आपण नीतिबाह्य म्हणतो, तेथे मातृवंश इतक्या आदराने नोंदला जातो, याची गंमत वाटते.

या समाजाला त्याचे आचारही आहेत. अनोळखी माणूस शेजारी येऊन 'काय साहेब, काय दिसतंय?' असे विचारतो, आणि त्यावर उत्तर देणे हा शिष्टाचार आहे. नाव, गाव, जात, नोकरी यांपैकी काहीही विचारले जात नाही. दहा-दहा वर्षे शेजारी उभे राहणाऱ्यांना एकमेकांचे आडनाव ठाऊक नसते, पण गेल्या मोसमात कोणी कोणत्या घोड्यांवर 'टनाला' मारला हे तारखेसकट ठाऊक असते. अर्थात ही समता मर्यादित आहे, हे विसरून चालणार नाही. मेंबर्स स्टँड वेगळा, पब्लिक स्टँड वेगळा. एकीकडे टोप्या आणि शँपेन, दुसरीकडे वडापाव आणि फाटलेल्या तिकिटांचा सडा. महालक्ष्मीच्या कुंपणापलीकडे गिरणगाव होते. १९८२ च्या संपानंतर ते मोडले, आणि स्वस्त तिकिटाच्या त्या गर्दीचा चेहराही बदलला.

शर्यत संपल्यावर हरलेला शौकीन जे बोलतो तो तर एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. जॉकीने घोडा खेचला, फाटक उघडायला उशीर झाला, वळणावर कोंडला, पाऊस पडल्याने जमीन मऊ झाली. आपण चुकीचा घोडा निवडला हे कारण या यादीत बहुधा नसते. समीक्षकांनाही ही यादी परकी वाटू नये.

येथे एक जुनी कथा आठवते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे नल आपल्या विद्यार्थ्यांना भेटतो तो हंसाच्या संगतीत. पण महाभारताच्या वनपर्वातला नल पुढे द्यूतात सर्वस्व गमावून, बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते, आणि अयोध्येहून विदर्भाकडे रथ भरधाव निघतो. वाटेत बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून ऋतुपर्ण त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवून मोजतो तर संख्या बरोबर निघते. मग देवघेव ठरते : ऋतुपर्णाने अक्षहृदय द्यायचे, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे मर्म, आणि नलाने अश्वहृदय, म्हणजे घोड्याचे मर्म. घोडा ओळखणे आणि संभवाचा हिशेब करणे या दोन विद्या एकमेकींच्या मोलाच्या आहेत, हे आपल्या परंपरेला केव्हाच ठाऊक होते. रेसकोर्सवरच्या माणसाला त्या दोन्ही एकाच दुपारी लागतात.

कायद्याला मात्र हे ठरवायला वेळ लागला. मुंबई इलाख्यात रेसकोर्सच्या परवान्यांचा कायदा १९१२ चा, म्हणजे येथे बंदीऐवजी नियंत्रणाचा मार्ग निवडला गेला. तमिळनाडूने १९७४ मध्ये घोड्यांवरच्या पैजा बंद करणारा कायदा केला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९६ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नव्हे. करआकारणीच्या दृष्टीने मात्र हा निर्वाळा फारसा कामाला आला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. कॅसिनो आणि रेस एकाच रकान्यात बसले. एवढा कर लागल्यावर माणूस पैज लावायचे सोडत नाही, तो पावती न देणाऱ्या बुकीकडे जातो, हे कोणताही शौकीन सांगेल.

आम्ही येथे रेसची तरफदारी करतो आहोत, असा समज होऊ नये. घरे बुडाली आहेत, दागिने गहाण पडले आहेत, आणि कौशल्याचा खेळ म्हटल्याने त्या घरांतल्या बायकांचे काही परत आले नाही. आमचे म्हणणे एवढेच की नासाडीची कथा सांगताना आपण नासाडी होणाऱ्या माणसाचे ज्ञान कधी विचारात घेतले नाही. त्याला काय येत होते, तो काय वाचत होता, घोडा पॅडॉकमध्ये फिरताना तो त्याच्या कानांकडे आणि घामाकडे का पाहत होता, हे टिपले असते तर ती शोकांतिका झाली असती. आज ती बहुतेक ठिकाणी बोधकथाच राहिली आहे.

आणि शौकिनाहूनही अधिक अनुल्लेखित आहे तो मोतद्दार. पहाटे चारला तबेल्यात कामाला लागणारा, घोड्याचा खरारा करणारा, त्याच्या शेजारीच झोपणारा हा माणूस. विजेत्याच्या छायाचित्रात तो लगाम धरून कडेला उभा असतो आणि खाली छापलेल्या नावांत नसतो. घोड्याचे तरी उत्तरचरित्र असते : काही पैदाशीला जातात, काही स्वारी शिकवणाऱ्या शाळांत, काही खरोखरच वरातीत. काही घोडे एका वेगळ्याच वाटेने गेले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा अश्वपैदास केंद्राचा व्यवसाय १९४६ पासूनचा. त्यांचे निवृत्त घोडे प्रतिविषे तयार करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. रेसला नाके मुरडणाऱ्या अनेकांच्या दंडात त्या संस्थेची लस टोचली गेली आहे.

महालक्ष्मीच्या जमिनीचा १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. दहा-अकरा वर्षांच्या घोळानंतर २०२४ मध्ये करार झाला : सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे. कोंडलेल्या मुंबईला उद्यान हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मैदानाच्या जुन्या मंडळींपैकी अनेकजण आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या कपाटांत चाळीस-चाळीस वर्षांच्या पुस्तिका समासातल्या खुणांसकट आहेत, आणि घर बदलताना त्या रद्दीत जाताना आम्ही पाहिल्या आहेत. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय मागायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली हा पत्ता सुचवतो. दोघांनी होकार दिला आहे. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी विषय ऐकून आम्हाला फोन केला, आणि आवाज खाली आणून विचारले, 'सर, रविवारी तिसऱ्या रेसमध्ये काय दिसतंय?'