सलाईनच्या एका थेंबात पाचशे प्रयोग

सलाईनच्या नळीतून टपकणारा थेंब आठवतोय? असे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. म्हणजे एक थेंब झाला ५० मायक्रोलिटरचा. आज प्रोटीनचे स्फटिक बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तेवढ्या एका थेंबात पाचशे प्रयोग बसतात. ही गोष्ट बहुतेक वेळा 'रोबो आले आणि काम झटपट झालं' अशी सांगतात. मला ती तशी वाटत नाही. का, ते ऐका.

आधी मुळात स्फटिक कशाला? प्रोटीनचा आकार कळला की ते काम कसं करतं ते कळतं, त्यावर औषध बेतता येतं. आकार बघायचा तर क्ष-किरण लागतात, पण एकट्या रेणूकडून येणारा संकेत फारच क्षीण. म्हणून असंख्य रेणू शाळेच्या कवायतीसारखे ओळीत उभे करायचे. ती कवायत म्हणजे स्फटिक. खडीसाखरेत दोरा असतो ना, त्याच्याभोवती साखर निमूटपणे जमत जाते. प्रोटीन तसं गुणी नाही. मोठं, लवचीक, नाजूक. जरा काही बिनसलं की दूध नासावं तसा नुसता गाळ.

अमेरिकेतल्या कॉर्नेलचे जेम्स समनर यांनी १९१७ ला हे काम हाती घेतलं आणि १९२६ मध्ये युरिएझ या एन्झाइमचे स्फटिक मिळवले. नऊ वर्षं! तेही जॅक बीनपासून, जी आपल्या अबईच्या शेंगेची जवळची नातेवाईक. समनर डावखुरे होते आणि तोच डावा हात त्यांनी तरुणपणी शिकारीतल्या अपघातात गमावला होता. एन्झाइम हे प्रोटीन असतं, हे त्यांचं म्हणणं कित्येक वर्षं बड्या लोकांनी मानलंच नाही. नोबेल मिळालं १९४६ ला.

मग १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (म्हणजे पुढच्या डोरोथी हॉजकिन) यांना पेप्सिनच्या स्फटिकाचा पहिला नीट क्ष-किरण फोटो मिळाला. युक्ती काय, तर स्फटिक वाळू दिला नाही, त्याच्याच द्रावणात ओला ठेवला. हे 'वाळू न देणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतर रुळलेली पद्धत बघा. काचेच्या छोट्या चकतीवर प्रोटीन आणि मिठासारख्या पदार्थाचं द्रावण एकत्र करून थेंब ठेवायचा. चकती उलटी करून एका खळग्यावर बसवायची आणि कडा ग्रीसने बंद करायच्या. खळग्यात तेच द्रावण, पण जास्त तीव्र. थेंबातलं पाणी हळूहळू वाफ होऊन तिकडे जातं, थेंब घट्ट होतो आणि नशीब असेल तर स्फटिक. नसेल तर दुसरं द्रावण. दुसरं की विसावं की चारशेवं, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

खरी अडचण इथे आहे. १९९१ मध्ये बर्कलीच्या जंकारिक आणि किम यांनी आधीच्या यशस्वी प्रयोगांवरून ५० निवडक द्रावणांचा एक संच मांडला. आता हिशेब करा. प्रत्येक थेंबाला २ मायक्रोलिटर प्रोटीन धरलं तर ५० प्रयोगांना १०० मायक्रोलिटर, म्हणजे नेहमीच्या तीव्रतेला जवळजवळ एक मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही! पण कित्येक प्रोटीनं अशी की महिनोन्‌महिने राबून तेवढीच हाती लागतात. हात वेगाने चालून काय उपयोग, हातात घ्यायला मालच नाही.

मग थेंब लहान करा की! केला, तर तो बघता बघता वाळतो. थेंब जितका छोटा, तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा.

याला तोड काढली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये. नेओमी चायेन, पॅट्रिक शॉ स्टुअर्ट, डेव्हिड ब्लो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक यंत्रणा प्रसिद्ध केली. संगणकाने चालणाऱ्या सिरिंज, आणि एकाच टोकात अनेक बारीक वाटा. प्रोटीन एकीतून येतं, बाकीची द्रावणं दुसऱ्यांतून, आणि भेट थेट टोकाशी. पण मला भारी वाटतं ते पुढचंच: थेंब पडतो तो पॅराफिन तेलाच्या थराखाली! तेल म्हणजे झाकण. एक-दोन मायक्रोलिटरचा थेंबही वाळत नाही, आणि टोक तेलातून वर येताना थेंब आपसूक सुटतो. लोणच्यावर तेलाचा थर ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. थेंब लहान करायची वाट तेलाने मोकळी केली, यंत्राने नंतर त्याचा वेग वाढवला.

२००० नंतर थेंब आणखी आक्रसला. अमेरिकेत स्क्रिप्सच्या रे स्टीव्हन्स आणि मंडळींनी २००२ मध्ये २० ते १०० नॅनोलिटरच्या थेंबांत स्फटिक वाढवून दाखवले. इंग्लंडमधून 'मॉस्किटो' नावाचा रोबो आला. नाव अगदी योग्य, कारण त्याच्या सुया डासाच्या सोंडेसारख्या बारीक, आणि एकदा वापरून टाकायच्या. धुण्याची भानगडच नाही. मघाचे १०० मायक्रोलिटर आठवा. १०० नॅनोलिटरच्या थेंबाने त्यात ५० नाही, १००० प्रयोग होतात. छोट्या थेंबात स्फटिकही छोटाच येणार, ही भीती होती. तोवर सिंक्रोट्रॉनचे प्रखर क्ष-किरण आल्यामुळे छोट्या स्फटिकावरही भागू लागलं.

एक मात्र सांगतो, यातून 'का' कळलं नाही. कोणत्या द्रावणात स्फटिक येईल हे आजही आधी ठरवता येत नाही, फक्त नशीब आजमावणं स्वस्त झालं. मला ते थोडं खटकतं. पण ज्याच्याकडे मिलिग्रॅमभरच प्रोटीन आहे, त्याला विचारा!

२०२० च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर कोरोना विषाणूच्या मुख्य प्रोटीएझ एन्झाइमचे स्फटिक घेऊन त्यांवर बाराशेहून जास्त छोटे रेणू एकेक करून तपासले. तिथल्या यंत्राला सुईच नाही. ध्वनीच्या धक्क्याने खालून अडीच नॅनोलिटरचा थेंब उडवायचा आणि वर उलट्या धरलेल्या प्लेटमधल्या थेंबात नेमका बसवायचा. तोही स्फटिकावर थेट नाही, किंचित बाजूला, कारण रेणू ज्या द्रावकात विरघळवलेला असतो, तो एकदम अंगावर आला तर स्फटिकाला तडे जातात.