कृष्णक्षेत्र प्रदीपन आणि मुंबईतील दुष्काळज्वर

दख्खनच्या दुष्काळात, १८७७ साली, मुंबईत पुनरावर्ती ज्वराची साथ उद्भवली. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांना रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू आढळले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी त्यांचे वर्णन १८७३ मध्ये प्रसिद्ध केले होते. हे रंगहीन, अतिशय बारीक जंतू सूक्ष्मदर्शकाच्या उजळ क्षेत्रात लोपून जात व मुख्यतः हालचालीमुळेच ध्यानात येत.

संघनकाखाली मध्यभागी अपारदर्शक चकती बसविली असता वस्तूने विखुरलेला प्रकाशच वस्तुभिंगात शिरतो आणि काळ्या क्षेत्रावर वस्तू उजळून दिसते. ही युक्ती जुनीच. परंतु उच्च विवर्धनास विशेष परावर्तक संघनक आवश्यक असतो. १९०६ मध्ये लँडस्टायनर व मुखा यांनी उपदंशाच्या जंतूंसाठी ही पद्धती योजिली, तेव्हा ती निदानात रूढ होऊ लागली. कार्टर यांच्या निरीक्षणाचे मोल ठरविताना हा कालक्रम लक्षात घेणे अवश्य आहे.