ठिपक्यांची साक्ष

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसरकिरण निर्माण केला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत अखंड चालणारा वायुलेसर सिद्ध झाला. हा शिस्तबद्ध प्रकाश साध्या भिंतीवर पडला, की तेथे वाळू विखुरल्यासारखे काळे-उजळ ठिपके दिसू लागत. खडबडीत पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी कोठे एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना पुसून टाकतात. त्याचा हा परिणाम. इंग्रजीत त्याला ‘स्पेकल’ हे नाव मिळाले.

प्रारंभी हा लेसरचा दोषच मानला गेला. होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांनी १९७० साली हे ठिपके नाहीसे कसे करावेत, याचाच विचार मांडला. परंतु दोष म्हणून जे टाकावयाचे, त्यातच वार्ता दडलेली होती. जिवंत शरीरात तांबड्या रक्तपेशी सतत वाहत असतात. त्यांच्याबरोबर ठिपकेही हलतात आणि छायाचित्रात पुसट होतात. जेथे प्रवाह वेगवान, तेथे पुसटपणा अधिक. १९८१ साली फेर्शर आणि ब्रायर्स यांनी याच तत्त्वावर डोळ्याच्या पडद्यातील रक्तप्रवाह दाखविण्याची रीत सुचविली. २००१ साली संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील रक्तप्रवाहातील बदल याच उपायाने टिपले. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडावे लागले नाही.

पुढे ठिपके वाचण्याचे काम यंत्राकडे आले. ‘डीप लर्निंग’ या पद्धतीत संगणकाला नियम सांगत नाहीत. सहस्रावधी उदाहरणे दाखवितात, आणि तो त्यांतून स्वतःच खुणा शोधतो. २०१८ साली बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी धुरकट काचांमागील आकृत्या केवळ ठिपक्यांवरून ओळखण्यास संगणकाला शिकविले. पूर्वी न पाहिलेल्या काचांतही तो यशस्वी झाला; मात्र त्या काचा त्याच जातीच्या होत्या.

ही अट विसरता येणार नाही. जिवंत ऊतक काचेइतके एकजिनसी नसते. प्रत्येक शरीराची घडण निराळी. पुसट ठिपक्याचा अर्थ सांगताना फेर्शर आणि ब्रायर्स यांना त्याचे कारणही सांगता येत होते. यंत्र निष्कर्ष देते; कारण सहसा देत नाही. अनोळखी नमुन्यावर ते चुकले, तर चुकीचे चित्रही तितकेच स्वच्छ दिसते. शस्त्रक्रियेच्या मेजावर अशा चित्रावर विसंबणे म्हणजे रुग्णाचे प्राण पणास लावणे होय. ठिपके साक्षीदार झाले, यंत्र दुभाषी झाले. परंतु साक्षीची उलटतपासणी करण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे.