रोख्यावरचं साठलेलं व्याज कोडमधून कसं काढायचं? ॲक्रिंट फंक्शनची ओळख

पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 24 तास पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले. मुदत 10 वर्षं, व्याज 7.59 टक्के, नोंदणी मुंबई शेअर बाजारात. असा रोखा दोन व्याजतारखांच्या मध्ये विकला, तर तोवर साठलेलं व्याज विकणाऱ्याचं. घेणारा ते किमतीवर वेगळं देतो. हाच आकडा एक्सेलचं ॲक्रिंट काढून देतं. उदाहरणासाठी मी महापालिकेचाच दर घेतलाय, तारखा मात्र सोयीच्या. दर्शनी किंमत 10 लाख, व्याज सहामाही.

व्हीबीएमध्ये ओळ अशी (अर्थात टाइप इंग्रजीतच करायची):

व्याज = वर्कशीटफंक्शन.ॲक्रिंट(डेटसिरियल(2025,1,1), डेटसिरियल(2025,7,1), डेटसिरियल(2025,3,1), 0.0759, 1000000, 2, 1)

क्रम असा: सुरुवात, पहिली व्याजतारीख, सेटलमेंट, दर, दर्शनी किंमत, वर्षातून किती वेळा व्याज, आणि बेसिस. दर 7.59 असा टाकायचा नाही. तारखाही मजकूर म्हणून देऊ नका. ‘01/03/2025’ म्हणजे अमेरिकी सेटिंगच्या कॉम्प्युटरला 3 जानेवारी!

खरी गंमत शेवटच्या आकड्यात आहे. बेसिस 1 म्हणजे प्रत्यक्ष दिवस: 181 पैकी 59, उत्तर 12,370.44 रुपये. बेसिस 0 म्हणजे 30 दिवसांचा महिना, 360 दिवसांचं वर्ष: उत्तर 12,650. बेसिस 3 (वर्ष 365 दिवसांचं) धरला तर 12,268.77. एक कोटीच्या व्यवहारात पहिल्या दोन उत्तरांत जवळपास 2,800 रुपयांचा फरक पडतो. बेसिस दिलाच नाही तर एक्सेल गुपचूप 0 धरतं. आपल्याकडे सरकारी रोख्यांना 30/360 चालतं, पण तोच नियम सगळ्यांना लावू नका. रोख्याच्या अटींत काय लिहिलंय ते बघा, मगच आकडा टाका.

जुना रोखा बाजारातून घेताना पहिल्या जागी 2017 ची तारीख टाकली, तर ॲक्रिंट तेव्हापासूनचं सगळं व्याज मोजतं, म्हणजे मधल्या वर्षांत देऊन झालेलंसुद्धा. तिथे मागची व्याजतारीख द्यायची आणि दुसऱ्या जागी पुढची. मागची तारीख कूपपीसीडी, पुढची कूपएनसीडी देतं. दोघांनाही सेटलमेंट, मुदतपूर्तीची तारीख, वारंवारिता आणि तोच बेसिस पुरवायचा.