बील स्ट्रीट : रस्ता परत आला, माणसांचे काय?

जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीनंतर काळ्या माणसाच्या वाट्याला काय आले, हे समजून घ्यायचे असेल तर मेम्फिस शहरातील बील स्ट्रीटचा इतिहास वाचावा. जगाला हा रस्ता ब्लूज संगीताचा म्हणून ठाऊक आहे. पण हा केवळ करमणुकीचा इतिहास नव्हे.

यादवी युद्धानंतर मिसिसिपी नदीकाठच्या या शहरात गुलामीतून सुटलेली माणसे हजारोंनी आली. 1866 च्या मे महिन्यात गोऱ्या जमावाने, आणि त्यात पोलीसही होते, तीन दिवस त्यांची घरे, शाळा आणि चर्च जाळली. 46 काळी माणसे मारली. त्या हल्ल्यात गोळी लागूनही वाचलेला रॉबर्ट चर्च हा गुलामीत जन्मलेला माणूस. 1878 च्या पीतज्वराच्या साथीत पैसेवाले शहर सोडून पळाले, तेव्हा त्याने पडत्या भावात जागा घेतल्या. काळ्यांना शहरातील बागांची दारे बंद होती, म्हणून 1899 मध्ये त्याने बील स्ट्रीटवर स्वतःची बाग आणि मोठे सभागृह उभारले. याच रस्त्यावरच्या चर्चमधून एके काळी ‘फ्री स्पीच’ हे पत्र निघत असे. 1892 मध्ये तीन काळ्या माणसांची झुंडीने हत्या केली. तिच्याविरुद्ध आयडा बी. वेल्स यांनी त्या पत्रातून लेखणी चालवली, तेव्हा पत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली.

कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचे दुःख येथे गाणे झाले. डब्ल्यू. सी. हँडी यांचे ‘मेम्फिस ब्लूज’ 1912 मध्ये छापले गेले; त्याचे हक्क मात्र त्यांनी किरकोळ रकमेत विकून टाकले होते. पुढे बी. बी. किंग याच रस्त्यावर घडले. हा रस्ता म्हणजे स्वर्ग होता, असे मानण्याचे कारण नाही. बरीच दुकाने व नाटकगृहे गोऱ्यांच्या मालकीची होती. पॅलेस थिएटरात काळे कलावंत नाचत-गात, पण आठवड्यातल्या एका रात्री प्रेक्षक फक्त गोरे असत. कला हवी, कलावंत शेजारी नको! हा न्याय आपल्या तमाशा कलावंतांना नवा नाही.

1 फेब्रुवारी 1968 रोजी कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन काळे सफाई कामगार मेले. सुमारे 1300 कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. 28 मार्चला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा मोर्चा बील स्ट्रीटवरून निघाला. काचा फुटल्या, पोलीस तुटून पडले. लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने ठार झाला. 4 एप्रिलला किंग यांचाच खून झाला. 16 एप्रिलला शहराने कामगारांची संघटना मान्य केली.

1966 मध्ये या रस्त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला होता. तरीही पुढच्या काही वर्षांत ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली भोवतालच्या शेकडो इमारती पाडल्या गेल्या. वस्ती उठली, गिऱ्हाईक गेले, रस्ता ओसाड पडला. 1983 मध्ये तो पुन्हा उघडला. आता तेथे रोषणाई आहे, मद्यगृहे आहेत, पर्यटकांची गर्दी आहे. शहराला उत्पन्न मिळते आणि वादकांना मंच मिळतो, हे नाकारता येणार नाही. पण जी वस्ती ते गाणे जगत होती, ती परत आली नाही.

पुनरुज्जीवन कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. इमारतीचा दर्शनी भाग जपता येतो. ज्यांच्या घामाने ती जागा नावारूपाला आली, त्यांना तेथे घर, मालकी आणि निर्णयाचा हक्क नसेल, तर ते पुनरुज्जीवन दुसऱ्याच्या वारशावर चाललेला व्यापार होय. त्या सफाई कामगारांच्या फलकावर गाणे नव्हते, माणूसपणाचा दावा होता. बील स्ट्रीटचा वारसा मोजायचा तर त्या दाव्याने मोजला पाहिजे.