मेंढ्याचा बांबू आणि परवान्यांची वही

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीत तरुण खेळाडूचा पहिला करार संपला तरी मूळ संघाचा त्याच्यावरील हक्क शिल्लक राहतो, आणि सही न करता अडून बसणे हे त्याच्या हातचे एक मोठे शस्त्र असते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गोंड गावापुढे असाच पेच उभा ठाकला होता. 1927 च्या वन अधिनियमाने बांबूची गणना वृक्षांत केली होती, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यास तो सरकारी कराराने वर्षानुवर्षे मिळत असे. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज ठरविले, 2009 साली मेंढ्यास सुमारे 1,800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्काची सनदही लाभली. परंतु वाहतूक परवान्याचा अखत्यार वनखात्याने स्वतःकडेच ठेवल्यामुळे माल गावाचा आणि नाका सरकारचा, अशी ती विलक्षण मालकी होती. देवाजी तोफा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने घडलेली तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि एकाच्या सहीने गाव बांधले जात नाही, हेच माझ्या मते गावाच्या अडून बसण्याचे खरे बळ. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांची वही ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. 1927 च्या अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो मात्र 2017 साली.