पेढीचे गुपित

धंद्यातील गुपित कोणाला किती कळू द्यायचे, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. मराठी बाजारात दलाल आणि दुकानदार त्यासाठी नंदभाषा वापरत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाइकासमोर भाव ठरे आणि त्याला कळत नसे. पण ही भाषा साऱ्या बाजाराची मिळून एकच होती. एकदा फुटली की सर्वांचीच फुटे.

पैशासाठी अधिक पक्की व्यवस्था लागली. ती हुंडीत, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशात, दिसते. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये 100, त्याचे निमे 50, त्याची दुप्पट, अशी ती पुन्हा मांडली जाई, म्हणजे आकड्यातली खाडाखोड लपत नसे. शहाजोग हुंडीचे पैसे पत असलेल्या सावकारालाच मिळत. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गेली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती. हरवणार हे धरूनच सोय करून ठेवण्यात या पद्धतीचे मोठे शहाणपण आहे. सरकारी कोषागाराने दुसरी गोष्ट साधली: तिजोरीला दोन कुलपे, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे.

भरवशाचा हाच प्रश्न सरहद्दीवरही येई. कर्नाटकातील आजच्या जोयडा तालुक्यातून गोव्याची वाट अनमोड घाटाने उतरते. 1888 मध्ये कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत रेल्वे धावू लागली आणि कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतले शेवटचे स्थानक झाले. माल ब्रिटिश आणि पोर्तुगीज अशा दोन राजवटींतून जाणार, म्हणजे कागद आणि पत यांवरच सारी भिस्त. पुढे तालुक्याचे जुने ठाणे सुपा काळी नदीवरील धरणात बुडाले. आता याच तालुक्यातील गणेशगुडीच्या परिसरात राफ्टिंग आणि होमस्टेचे लहान धंदे आहेत.

अशा धंद्याचे गुपित म्हणजे पासवर्ड. 1960 च्या दशकाच्या आरंभी एमआयटीच्या सामायिक संगणकावर तो रुजला, आणि 1990 च्या दशकात पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवणारी साधने, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, आली. आज आरक्षण, मेल, बँक आणि जीएसटी यांचे पासवर्ड मालक, व्यवस्थापक आणि हिशेबनीस यांच्यात वाटले जातात, बहुधा वहीत किंवा व्हॉट्सॲपवर. ही नंदभाषेचीच अवस्था आहे: एकाकडून फुटले की सर्वांचेच फुटते.

पासवर्ड मॅनेजरची योजना निवडताना हुंडी आणि कोषागाराची जुनी कसोटी पुरते. एकट्याच्या धंद्याला वैयक्तिक योजना चालते. दोन-तीन माणसे झाली की प्रत्येकाचे वेगळे खाते आणि कामापुरती सामायिक तिजोरी देणारी योजना हवी; नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश एका जागेवरून बंद करता आला पाहिजे. मुख्य पासवर्ड विसरल्यास परत मिळवण्याचा मार्ग, म्हणजेच पेठ-परपेठ, खरेदीआधीच तपासावा. जंगलातील धंद्याने नेटवर्क नसतानाही तिजोरी उघडते का, हेही पाहावे. दर माणशी महिन्याला आकारले जातात, म्हणून वैयक्तिक खाते घेऊन ते सर्वांनी वापरण्याचा मोह होतो. ती काटकसर खोटी आहे.